मंत्रीसाहेब, पेपर मोजता तसे एकदा वाचायलाही लावा

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य,

साहेब, नमस्कार. तुमच्याच खात्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात मी असिस्टंट प्रोफेसर आहे, आणि सध्या प्रमोशनची फाईल लावायचं चाललंय. फॉर्ममध्ये रकाने आहेत: रिसर्च पेपरचं नाव, जर्नल, कुठे इंडेक्स्ड (म्हणजे ते जर्नल कुठल्या मान्य यादीत आहे), तुम्ही कितवे ऑथर, आणि खाली एकूण संख्या. पेपरात नेमकं काय लिहिलंय आणि त्याने कुठल्या पेशंटचं काही भलं झालं का, याला रकानाच नाही. त्यात व्हॉट्सॲपवर (तुमच्यापर्यंत येत नसतील, आम्हाला सतत येतात) मेसेज पडतात की पेपर तयार आहे, फर्स्ट ऑथर भरला, सेकंड-थर्ड शिल्लक, प्रमोशनला चालेल याची गॅरंटी. एसटीत रुमाल टाकून सीट धरावी तसं. घेणारे आहेत म्हणून विकणारे आहेत, त्यामुळे सगळा दोष मी त्या एजंटांवर टाकणार नाही.

पेपर मागणं उगाच आहे असंही माझं म्हणणं नाही. डॉ. समीरन नंदी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्था तपासल्या, तर २००५ ते २०१४ या दहा वर्षांत ३३२ संस्थांतून एकही पेपर आलेला नव्हता. शून्य! म्हणजे कोणीतरी ढकलायला हवंच होतं. पण ढकललं कसं, तर मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाच्या २०१५ च्या सर्क्युलरमध्ये फक्त पहिले दोन ऑथर धरायचे, ई-जर्नल चालणार नाही वगैरे, मग २०२० मध्ये पहिले तीन आणि करस्पाँडिंग ऑथर (जर्नलशी पत्रव्यवहार करणारा). आता ज्या स्टॅटिस्टिशियनने रात्र जागून सगळं ॲनालिसिस केलं तो चौथा असेल तर त्याच्या हातात काय? काहीच नाही, आणि ज्या एचओडींनी (विभागप्रमुखांनी) फक्त सही केली ते दुसरे.

आता तुम्हाला महाडचं उदाहरण देतो, रायगडचंच आहे, नाव ऐकलंच असेल. डॉ. हिंमतराव बावस्कर. १९७६ च्या सुमारास बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, तिथे लाल विंचू चावलेले लोक यायचे आणि फुफ्फुसात पाणी होऊन, तोंडाला फेस येऊन डोळ्यांदेखत जायचे. या माणसाने काय केलं तर पेशंटच्या उशाशी बसून नाडी, बीपी, घाम, हातपाय गार पडणं हे सगळं लिहून ठेवलं. हृदयावर परिणाम होतोय याची आधीची लक्षणं कोणती, हा त्यांचा पेपर १९८२ मध्ये लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय जर्नलमध्ये आला. मग १९८६ मध्ये परत लॅन्सेटमध्ये, यावेळी पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासोबत, की प्राझोसिन नावाची बीपीची साधी गोळी इथे चालते. विषामुळे शरीरात ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो आणि रक्तवाहिन्या आवळल्या जातात, ही गोळी त्या सैल करते, एवढंच. सुमारे चाळीस टक्के असलेला मृत्यूदर एक टक्क्याच्या आसपास आला. २०११ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय जर्नलमध्ये ट्रायल छापून आली, प्राझोसिन एकटी आणि प्राझोसिन अधिक अँटीव्हेनम (विषावरचं इंजेक्शन) अशी तुलना, ७० पेशंट, तीही महाडचीच. कुठलं मेडिकल कॉलेज पाठीशी नव्हतं. २०२२ ला पद्मश्री मिळाली.

आता हा माणूस तुमच्या फॉर्मवर बसवून बघा. विंचूदंश हा विषय जगात किती जण अभ्यासतात? मूठभर. कमिटी सायटेशनही बघते, म्हणजे दुसऱ्या कोणीतरी पेपर लिहिताना तुमच्या पेपरचा उल्लेख करणं. कॅन्सर किंवा हार्टवर लिहिणारे लाखो, म्हणून तिथे आकडे फुगतात, आणि विंचू चावतो तो भातखाचरात राबणाऱ्याला, लाकडं गोळा करणाऱ्या बाईला, तिथे आकडे छोटेच राहणार. ज्या पीएचसीच्या डॉक्टरने रात्री दोन वाजता ती गोळी देऊन पोर वाचवलं तो काही पेपर लिहायला बसत नाही, त्यामुळे ते पोर कुठल्याच इंडेक्समध्ये मोजलं जात नाही. उलट आपल्याकडे "तू माझा टाक, मी तुझा टाकतो" असं ठरवून सायटेशन वाढवणारे मी बघितलेत, त्यांचा एच-इंडेक्स (पेपर आणि सायटेशन मिळून काढलेला आकडा) बघून कमिटी खूश.

आणि हे आजचंच नाही हो. कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये नेचर या विज्ञानाच्या जर्नलमध्ये दाखवलं की कॉलराच्या जंतूंपासून निघणारं विषच आतड्यातून पाणी काढतं. पेपर बरीच वर्षं दुर्लक्षित राहिला. १९८५ मध्ये ते गेले, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या कामाचं मोठेपण लिहिलं कोणी? यूजीन गारफिल्डने, म्हणजे ज्याने सायटेशन मोजायची पद्धत उभी केली त्यानेच. निव्वळ आकड्यावर प्रमोशन ठरवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

जर्नलांच्या याद्या करूनही भागत नाही. यूजीसी केअरची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य केलेल्या जर्नलांची यादी पुणे विद्यापीठातल्या सेलमधून चालायची, ती २०२५ मध्ये यूजीसीनेच बंद केली.

एनएमसीची (मेडिकल कॉलेजांचे नियम आता ठरवणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशनची) किमान अट तुम्ही बदलू शकत नाही हे मला माहितीये. पण त्यावर अजून काय बघायचं हे राज्य ठरवू शकतं ना? मग उमेदवाराला सांगा, तुझे सगळ्यात चांगले दोन पेपर आण, आणि बाहेरच्या जिल्ह्यातल्या, त्याच विषयातल्या माणसाला ते आधी वाचायला लावून अर्धा तास समोर बसवा. पेशंट कुठले होते, कच्चा डेटा कुठे आहे, एथिक्स कमिटीच्या मंजुरीची तारीख काय, ही ओळ तूच लिहिलीस का. सेकंड ऑथरची सीट विकत घेतलेला पहिल्या पाच मिनिटांत उघडा पडतो. शिवाय प्रत्येक कॉलेजला एक पूर्णवेळ स्टॅटिस्टिशियन द्या, ओपीडीत दीडशे पेशंट बघून झाल्यावर आम्ही एक्सेल उघडतो आणि तिथेच डुलक्या खातो, ही खरी परिस्थिती आहे. आणि "ही ट्रीटमेंट चालली नाही" असं प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याचे मार्क कापू नका.

मुलाखतींचं पुढचं वेळापत्रक निघायच्या आधी यातली निदान वाचायची अट तरी जीआरमध्ये आली तर बरं होईल. फाईल माझीही त्यातच आहे, मला आधी प्रश्न विचारले तरी चालतील.

आपला,
एक असिस्टंट प्रोफेसर, सरकारी मेडिकल कॉलेज