मेधाला, तिच्या हंसांबद्दल

नाशिक

प्रिय मेधा,

हंसांचे फोटो मिळाले. इकडे सगळे बरे आहेत, माझी पाठ जागेवर आहे, दादांची शुगर आटोक्यात. आता मुद्द्याचं. काकूंच्या हॉलसाठी तू निवडलेला तो पंख फडफडवणारा हंस कॅनव्हासवर छापायला देऊ नकोस. फोनवर तू मला मध्येच तोडलं असतंस, म्हणून पत्र.

त्या पंखात काहीच नाही गं. शंभर टक्के झूम करून बघ. एक पीस दिसत नाही, चुना फासलेल्या भिंतीसारखा सपाट आहे. लाल, हिरवा, निळा, तिन्ही आकडे २५५. छपाईत २५५ म्हणजे शाईच नाही, नुसता कोरा कॅनव्हास. त्यावर तू हायलाइट्स उणे शंभर केलेस, त्यामुळे तो आता पांढराही राहिला नाही, राखाडी झाला. सेन्सरवर जे उमटलंच नाही ते एडिटिंगमधून कुठून येणार?

झालंय असं की कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला हंस कळत नाही, तो सगळी सरासरी मधल्या करड्यावर आणू बघतो. झुरिकच्या तळ्याचं पाणी गडद, त्यात हंस लहान. मीटर पाणी उजळायला जातो आणि हंस जळतो. अशा वेळी एक्सपोजर कॉम्पेन्सेशन उणे एक ते दीड स्टॉप ठेवायचं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). तोच हंस जवळ येऊन फ्रेम भरून गेला की उलट अधिक एक, नाहीतर मळकट येतो. सारखं बदलत बसण्यापेक्षा मॅन्युअलवर जा. स्पॉट मीटर (एका ठिपक्याचाच उजेड मोजणारा) त्याच्या उन्हातल्या पाठीवर धर, तिथून दीड स्टॉप वर ठेव आणि उजेड बदलेपर्यंत हात लावू नकोस. पाणी काळं झालं तर होऊ दे, छान दिसतं. हायलाइट अलर्ट चालू ठेव, जळालेली जागा स्क्रीनवर लुकलुकते. ते लुकलुकणं कॅमेऱ्यातल्या जेपेगवरून ठरतं, त्यामुळे रॉ (सेन्सरचा मूळ डेटा) काढलंस तर थोडी जागा शिल्लक असते. (सुन्याने तुझी बाजू घेतली म्हणून तू रॉ-जेपेगचं भांडण जिंकली नव्हतीस, हे पुन्हा सांगते.) आपल्या नांदूर मध्यमेश्वरला हंस येत नाहीत, पण चमचे (स्पूनबिल) आणि मोठे बगळे अगदी हाच त्रास देतात. हिवाळ्यात आलीस की तिथे हात बसवू.

फडफडीला शटर १/२००० सेकंद हवं, नुसत्या पोहणाऱ्याला १/५०० पुरे. अॅपर्चर एफ ८ ठेव, कारण डोळा आणि पंखाचं टोक यांत बरंच अंतर पडतं. फडफड अचानक होत नाही. आधी आंघोळ, मग चोचीने पिसं नीट करणं, मग शेपूट झटकणं, आणि मग तो छाती उचलतो. आंघोळ दिसली की बोट बटणावर. आणि काठावर उभी राहू नकोस, कॅमेरा पाण्याच्या पातळीला आण. वरून काढलेला हंस बसका दिसतो. तू 'प्रणय' नाव दिलेल्या फोटोतला, पंख शिडासारखे उभारून मान मागे खेचलेला, तो कुणाला तरी हुसकावून लावतोय. चोचीच्या मुळाशी काळी गाठ एवढी मोठी म्हणजे बहुतेक नरच. नाव बदल.

छापायचा तर सावलीतला, मान वळवलेला हंस. त्यात सगळं शाबूत आहे. मानेखाली निळसर झाक आहे ती पुसू नकोस, पांढऱ्याला गोलाई तिनेच येते. सगळ्यात उजळ जागा २४५ च्या आसपास थांबव. क्लॅरिटी वापरू नकोस, गडद पाण्यालगत मानेभोवती घाणेरडी कड येते. टेक्श्चर दहा-पंधरा पुरे, तेही फक्त पिसांवर. मग फोटोशॉपमध्ये सॉफ्ट लाइट मोडवर पन्नास टक्के करड्याचा लेअर घेऊन, ब्रशचा फ्लो चार-पाच टक्के ठेवून, पिसांच्या ओळी हळूहळू उजळ-गडद कर. याला वेळ लागतो आणि याच कामात तुझा हात चांगला आहे.

आता तो चंद्र. रामकुंडावरच्या फोटोतली तार मी पुसली म्हणून तू माझ्याशी अबोला धरला होतास, आणि आता आख्खा चंद्र चिकटवतेस? हंसावर उजेड डावीकडून आहे, चंद्र उजवीकडे, पाण्यात त्याचं प्रतिबिंब नाही. बघणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण खोटं आहे हे कळेल. कलाकारी करायची तर उघड कर, कुणाला तो टिपलेला क्षण वाटू नये अशी. जुन्या कागदाचा किंवा पोपडे आलेल्या भिंतीचा फोटो वर मल्टिप्लाय मोडमध्ये (खालचं गडद करणाऱ्या) टाक, ओपॅसिटी पंचवीस टक्के, आणि मास्कने डोळा, चोच, छाती मोकळी कर. नाहीतर ऑइल पेंट फिल्टर. पण तो फाइल शेवटच्या मापाला आणल्यावरच लाव. त्याचे फटकारे पिक्सेलवर ठरतात, आधी लावून मग मोठं केलंस तर सगळं फुगतं. त्यातलं लाइटिंग बंद ठेव, पिसांवर प्लॅस्टिकसारखी चकाकी येते. डोळा मात्र मूळ लेअरचाच राहू दे. तो विरघळला की पक्षी मेला.

तुझी फाइल ६००० बाय ४०००, म्हणजे तीस इंचाला इंचामागे दोनशे पिक्सेल मिळतात. कॅनव्हास लांबून बघायचा असतो, चालेल. चौकटीवर दुमडायला चारी बाजूंनी दोन इंच पाणी जास्त ठेव. आत्ताच्या क्रॉपमध्ये शेपूट दुमडीत जाईल. इथल्या प्रिंटवाल्याकडून प्रोफाइल (त्याच्या कॅनव्हास-शाईच्या रंगांची फाइल) मागवते, सॉफ्ट प्रूफ करून, म्हणजे छापील रंग स्क्रीनवरच, बघ. आधी आठ इंचाचा तुकडा छापून काकूंच्या हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली धरेन, तिथे पांढरं हमखास हिरवट दिसतं. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नकोस, ते दाबून टाकतं. ड्राइव्हची लिंक दे, मूळ रॉसकट.

नव्या घराचं नक्की झालं का? अन्वय जर्मन बोलायला लागला असं काकू सांगत होत्या. मंजिरीचं लग्न डिसेंबरात आहे, तिकीट लवकर काढ. रॉ फाइल रविवारपर्यंत पाठव, सोमवारी मी प्रिंटवाल्याकडे जाणार आहे.

तुझी,
वैशू