दोनच आकडे

इंदूर, रविवार रात्र

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर "आई, 1.74" एवढंच म्हणालीस आणि गप्प झालीस. बाबा शेजारून म्हणाले, "किलो?" मग तू रडायलाच लागलीस. बेलची असमानता, म्हणजे प्रकाशकणांच्या, फोटॉनच्या, जोड्या एकमेकांत गुंतल्यात (एन्टँगल्ड) का हे बघायची तुमची परीक्षा; ती मोडायला आकडा 2 च्या वर जायला हवा, मोडली तर जास्तीत जास्त 2.83, तुझं तिथवर पोचलंच नाही, म्हणजे फोटॉन गुंतलेले नाहीत आणि चार महिने पाण्यात. असं तुझं म्हणणं.

आज पोह्यांची फोडणी देऊन झाल्यावर बसून कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर हिशेब केला. ओघात तू आणखी दोन आकडे सांगितले होतेस. आडव्या-उभ्या ध्रुवणात, म्हणजे प्रकाशाच्या कंपनाच्या दिशेत, जोड्यांचा मेळ 0.88 (नेहमी जुळले तर 1, निव्वळ योगायोग असेल तर 0), पंचेचाळीस अंशांवर 0.35. दुसरा आकडा सांगताना तुझा आवाज पडला होता. मला मात्र त्या दोघांची बेरीजच हवी होती.

सराफ्यातला एखादा हलवाई रोज दोन घरी एकेक डबा धाडतो असं समज. दोन्हींत मावाबाटी, नाहीतर दोन्हींत गुलाबजाम. दोन्ही घरी रोज एकच मिठाई निघाली तर त्यात नवल कसलं? दुकानातच तशी भरली. दोन्ही फोटॉन आडवे नाहीतर दोन्ही उभे अशा साध्या जोड्यांचंही तेच. आडव्या-उभ्यात मेळ पुरा 1. पण त्याच जोड्यांपुढे पोलरायझर, म्हणजे ती दिशा तपासणारी चाळणी, पंचेचाळीसवर वळवला, की प्रत्येक फोटॉन आपापलं नाणं उडवतो आणि मेळ शून्यावर येतो. खरे गुंतलेले फोटॉन दोन्हीकडे जुळतात, बेरीज 2 पर्यंत जाते. न गुंतलेल्यांची 1 च्या वर जाऊच शकत नाही. सिद्धता चार ओळींची आहे: एकट्या फोटॉनच्या या दोन दिशांच्या सरासरींच्या वर्गांची बेरीज 1 च्या आत असते, म्हणून दोघांच्या गुणाकारांची बेरीजही 1 च्या आत, आणि अशा जोड्यांचं कितीही मिश्रण केलं तरी ती मर्यादा ओलांडत नाही.

तुझी बेरीज 1.23.

प्रत्येक मापनात चारशेच्या आसपास जोड्या मोजल्यास ना? मग बेरजेतली चूक साधारण 0.05. 1 च्या वरचे 0.23 तिच्या चौपटीहून जास्त. गुंतलेत गं तुझे फोटॉन! बेलची परीक्षा जास्त कडक असते. या दोन आकड्यांवर तुझे पोलरायझर कसेही फिरवलेस तरी साधारण 1.89 च्या वर जायचं नाही. गुंतलेलं असूनही बेलची असमानता न मोडणाऱ्या अवस्था असतात, हे वेर्नर नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं 1989 मध्येच दाखवलंय. अशा अवस्था ओळखायला लागणाऱ्या मापनाला तुम्ही लोक 'विटनेस' म्हणता. साक्षीदार शब्द मला आवडला. सगळा खटला त्याला ठाऊक नसतो, त्यानं पाहिलं तेवढं तो सांगतो. या विटनेसचं गणित 1996 मध्ये पोलंडच्या होरोडेत्स्कींनी मांडलं: वडील रिशार्ड आणि मुलगे मिखाऊ नि पावेऊ, तिघांचा मिळून पेपर. आपल्या घरात वीजबिलावरही एकमत होत नाही.

पण उड्या मारू नकोस. हा साक्षीदार तुझ्या कोनांवर विसंबून असतो. पंचेचाळीसच्या जागी दोन्ही पोलरायझर चाळीसवर असतील, तर न गुंतलेल्या जोड्याही 1.17 पर्यंत जातात. मग तुझ्या 1.23 मध्ये उरलं काय? म्हणून आधी दोन्ही माउंटची शून्यं तपास. मी एकदा प्रॅक्टिकलला एका मुलाला आकडे जुळत नाहीत म्हणून तीनदा परत पाठवलं होतं. बिचारा दुपारभर उभा. शेवटी कळलं, स्पेक्ट्रोमीटरच्या वर्नियरचं शून्यच सरकलं होतं आणि ते सकाळी मीच लावलं होतं. त्याला सॉरी म्हणाले, पण जर्नलवर सही दुसऱ्या दिवशी केली. अजून खटकतं.

आणखी एक. बेरीज 1 च्या खाली आली असती तरी 'गुंतलेले नाहीत' असं सिद्ध झालं नसतं. आडवा-आडवा आणि उभा-उभा यांच्यातली फेज, म्हणजे लहरींचं पुढेमागे असणं, पाव फेरा सरकली तर पंचेचाळीसवर शून्य दिसतं, अवस्था मात्र पूर्ण गुंतलेली असते. तेव्हा तुझा 0.35 तसाच पडला असेल का, हे बघ. एका बाजूला पंचेचाळीसच ठेव आणि फक्त दुसऱ्या बाजूला क्वार्टर-वेव्ह प्लेट लावून गोल ध्रुवणात मोज. तिथे मेळ मोठा निघाला तर फेजच सरकलीय, प्लेट किंचित तिरपी करून ती परत आणता येईल. तिथेही लहानच निघाला तर आडव्या आणि उभ्या जोड्या थोड्या वेगवेगळ्या वेळी निघतात, म्हणून तू मागे फोनवर सांगितलेला तो भरपाईचा क्रिस्टल बदलावा लागेल. लेझरला हात लावण्याआधी हे कर. तुझा स्वभाव आधी सगळं उघडायचा, बाबांसारखा. मिक्सर आठवतो ना?

इथे पाऊस थांबलाय. उद्या सकाळी बाबा जिरावण, शेव आणि तुझा राहिलेला निळा स्वेटर कुरियरला देतील. जिरावणाची पुडी दुहेरी पिशवीत बांधलीय, तरी लॅबच्या टेबलावर उघडू नकोस.

आधी शून्य तपास, मग तीनच मापनं घे आणि आकडे मला मेसेज कर. दशांशचिन्हानंतर दोन अंक पुरेत.

तुझी
आई