आणि मुलग्यांनी कुणाकडे बघायचं?

रविवारच्या पुरवणीत परीकथांच्या नव्या सिनेमांवरचा लेख वाचला, राजकन्या आता वाट बघत बसत नाही हे पटलंच, कावळा नाक्यावर ताराराणींचा घोड्यावरचा पुतळा येता-जाता बघणाऱ्या आम्हा कोल्हापूरकरांना त्याचं नवल ते काय. पण पुरुषांचं काय झालं ते लेखात आलंच नाही. २०१४ च्या 'मॅलेफिसेंट'मध्ये राजा विश्वासघातकी, 'फ्रोझन'मधला (२०१३) राजपुत्र हॅन्स तर गोड बोलून केसाने गळा कापणारा. माझा सात वर्षांचा भाचा उशी पोटाशी घट्ट धरून विचारतो, "मावशी, राजपुत्र वाईटच असतात का गं?" मला पटकन उत्तरच सुचेना.

मग 'फ्रोझन'च्याच शेवटी क्रिस्टॉफ, बर्फ विकणारा साधा पोरगा, राजकन्या अ‍ॅनाला किस करायच्या आधी तिला विचारतो. १९३७ च्या 'स्नो व्हाइट'मधला राजपुत्र निपचित पडलेल्या मुलीचं चुंबन घेतो, तिथनं इथवर आलोय आपण, आणि चर्चा मात्र सगळी राजकन्येच्या धाडसाचीच! असे क्रिस्टॉफ अजून हवेत, आणि त्यांच्यावरही कुणीतरी लिहायला हवं. भाच्याला मी तो सीन मागे नेऊन परत दाखवला.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर