विषय : बसवायची चुणी उठते, उठवायची बसून राहते

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आत्ताच फोन ठेवला. तुमच्या माणसाने शेवटी मला "आपलं समाधान झालं असल्यास एक दाबा" असं ऐकवलं. समाधान झालं नसेल तर काय दाबायचं, हे मात्र त्या आवाजाने सांगितलं नाही. म्हणून हे पत्र.

तुमच्या जोडबाटल्यांविषयी लिहिते आहे. निळ्या झाकणाची रेशमावर प्लीट, म्हणजे दाबून घातलेली चुणी, 'कायमची' बसवणारी आणि पांढऱ्या झाकणाची ती प्लीट 'खूणही न ठेवता' सोडवणारी. तुमचा माल तुम्हाला माहीत असेलच, तेव्हा ओळख करून देत बसत नाही. मी रंगमंचासाठी वेशभूषा शिवते आणि रेशमाशी माझा संबंध जुना आहे.

घडलं ते असं. नृत्यनाट्यासाठी हाबुताई, म्हणजे साध्या विणीच्या तलम जपानी, रेशमाचा घागरा होता, सगळा बारीक प्लीटचा. प्लीट पूर्ण खोलीची घेतली की कापड तिप्पट लागतं, म्हणजे नासलं तर नुकसानही तिप्पट. नमुन्याचा तुकडा आधी करून पाहिला, तो कोरडा होता तोवर सुरेख दिसला. मग घागऱ्याचे पॅनेल, म्हणजे जोडायचे उभे तुकडे, निळ्या बाटलीतल्या द्रावणाने ओलसर केले, पुठ्ठ्याच्या दोन साच्यांमध्ये घातले, बांधले, वाफ दिली आणि पूर्ण गार होऊन वाळेपर्यंत साच्याला हात लावला नाही. रंगीत तालमीत दिवे लागले, नर्तकीला घाम आला, आणि कंबरेपासून मांडीपर्यंतच्या चुण्या सपाट झाल्या. खाली, जिथे घाम पोचला नाही, तिथे त्या कडक उभ्या. वर सपाट आणि खाली सुरीसारखी धार, असा तो घागरा नव्हता, चुकून उलटा धरलेला पंखा होता. भर म्हणून घामाच्या कडेने पिवळट रेघ उमटली.

आता दुसरी बाटली. दिग्दर्शकाने पुढचं पॅनेल साधं हवं म्हणून सांगितलं, म्हणजे तिथल्या चुण्या काढून ते तिप्पट कापड मोकळं करायचं. पांढरं झाकण उघडलं, पत्रकात लिहिल्याप्रमाणे फवारलं, वर सुती फडकं टाकून उलट्या बाजूने इस्त्री केली. कापड सपाट झालं. पण प्रत्येक घडीच्या जागी पांढरी रेघ उरली, वहीच्या पानावर असते तशी सरळ, सारख्या अंतरावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेतूनही दिसेल इतकी.

जिथे चुणी राहायला हवी होती तिथे ती घामाच्या थेंबाने गेली, आणि जिथून जायला हवी होती तिथून ती वाफेनेही जाईना. एकाच खोक्यातल्या दोन बाटल्यांनी एकमेकींची कामं वाटून घेतली असावीत.

तुमच्या प्रयोगशाळेत कुणी असेल तर त्याला पुढचा परिच्छेद वाचायला द्या. नसेल तर तुम्हीच वाचा.

निळ्या बाटलीवर बारीक अक्षरात सोडियम बायसल्फाइट आणि 'पॉलिमर' असं छापलं आहे. बायसल्फाइट लोकरीसाठी ठीक. लोकरीच्या प्रथिनात सिस्टीन नावाचं अमिनो आम्ल असतं, त्यात गंधकाचे डायसल्फाइड बंध असतात, ते सोडवायचे, घडी घालायची, नव्या जागी पुन्हा बांधायचे. म्हणून लोकरीवरची घडी पाणी सोसते. केस कुरळे करणाऱ्या पार्लरमध्येही हेच तत्त्व चालतं. रेशमाचं प्रथिन फायब्रोइन. ते मुख्यत्वे ग्लायसीन, अ‍ॅलनीन आणि सेरीनचं बनलेलं, त्यात सिस्टीन जवळजवळ नाहीच. म्हणजे तुमचं द्रावण जे बंध सोडवायला जातं ते रेशमात नाहीतच. रेशमाची घडी टिकते ती हायड्रोजन बंधांवर. ओलावा आणि उष्णता मिळाली की ते सुटतात, वाळून गार झालं की पुन्हा जुळतात, आणि पुन्हा ओलावा मिळाला की पुन्हा सुटतात. घाम हा ओलावाच आहे. हे शिवणकामातल्या माणसाला रसायनशास्त्र न शिकताही कळतं, कारण त्याच्या हाताखालून रेशीम गेलेलं असतं.

राहिला पॉलिमर. तो धाग्यावर पातळ पापुद्रा धरतो. घडीच्या धारेवर तो पापुद्रा तडकतो आणि तडा पांढरा दिसतो. तुमची पांढरी बाटली पाण्याची, त्यात तो विरघळत नाही. मुळात तुमची पहिली बाटली लावलीच नसती तर ही चुणी वाफेने आणि ओल्या फडक्याने निघाली असती. फारच हट्टी रेघ असली तर पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून, आधी कोपऱ्यावर रंग उतरतो का पाहून, शिंपी लोक काम भागवतात. मी तेही केलं. पापुद्र्याला व्हिनेगरचं काही वाटत नाही. रेशमाकडे या कामात एकच चांगला गुण होता, की त्यावरची घडी सहज निघते. तुम्ही तेवढाच काढून घेतलात.

आता पत्रक. त्यात इस्त्री 'तीन ठिपक्यांवर' ठेवा असं लिहिलं आहे. तीन ठिपके म्हणजे 200 अंश सेल्सिअस, सुती आणि तागाच्या कापडाची उष्णता. रेशमाला दोन ठिपक्यांच्या, म्हणजे 150 अंशांच्या वर नेत नाहीत. मी माझं कापड दोनवरच ठेवलं. तीनवर फक्त एक कातरण ठेवून पाहिलं. ते पिवळं पडलं. ते पाकिटात घातलं आहे, जरूर पाहा. मी ही गोष्ट प्रत्येक फोनवर सांगितली आहे आणि प्रत्येक वेळी पलीकडच्याने मला तेच पत्रक वाचून दाखवलं, ज्याविषयी मी तक्रार करत होते.

आणि आता तो फोन. हा मी सविस्तर सांगणार आहे, कारण तुमच्याकडे कॉल 'गुणवत्तेसाठी ध्वनिमुद्रित' होतात, तेव्हा पडताळून बघता येईल.

आधी एक मुलगी होती. तिने विचारलं, "मॅडम, बाटली हलवून घेतली होती का?" घेतली होती. "इस्त्री गरम होती का?" मी म्हटलं, हो, इस्त्री गरम असते. मग तिने विचारलं, "मॅडम, सिल्क ओरिजिनल आहे ना?" मी विचारलं, हा प्रश्न का. तर म्हणे, "कारण ओरिजिनल सिल्कवर आमच्याकडे कंप्लेंट येत नाही." मी म्हटलं, ही मी करते आहे ती काय आहे मग? तिने मला होल्डवर टाकलं. बासरी वाजली, बराच वेळ वाजली.

मग वरिष्ठ आले. आवाज समजूतदार, म्हणजे मूल रडत असताना मोठी माणसं लावतात तसा. "ताई, शांत व्हा. एक काम करा, एक धागा काढून जाळून बघा. वितळून प्लास्टिकसारखी गोळी झाली तर समजायचं तुम्हाला दुकानदाराने फसवलं." मी शांतच होते. धागा कसा जाळायचा हे मला माहीत आहे, मी रेशीम घेताना तेच करते. तरी त्यांच्या समाधानासाठी शिलाईच्या आत सोडलेल्या जादा कापडातला धागा ओढला, फोन स्पीकरवर ठेवला आणि काडी ओढली. धागा आकसला, ज्योत काढताच विझला, केस जळाल्याचा वास आला, आणि राख बोटात चुरगळली तर पूड झाली. रेशीम असंच जळतं. मी हे सगळं त्यांना जसंच्या तसं सांगितलं.

पलीकडे जरा शांतता. मग साहेब म्हणाले, "मग ताई, तुमचं सिल्क जास्तच प्युअर असणार. जास्त प्युअर असलं की थोडा प्रॉब्लेम येतो."

मी विचारलं, नकली असतं तर?

"नकलीवर, म्हणजे पॉलिएस्टरवर, एकदम मस्त बसतं ताई."

त्या माणसावर मी आवाज चढवला नाही, कारण तो खरं बोलला. तुमच्या कंपनीत या प्रकरणी खरं बोललेला तो एकटाच. पॉलिएस्टर उष्णतेने मऊ होतं आणि गार होताना ज्या आकारात असेल तो धरून ठेवतं. त्याला तुमची बाटली लागतच नाही, साचा आणि उष्णता पुरते. थोडक्यात, जिथे तुमचं द्रावण चालतं तिथे त्याची गरज नाही, आणि जिथे गरज आहे तिथे ते चालत नाही. माझ्या दुकानदाराने मला फसवलं असतं तर आज मी तुमची समाधानी ग्राहक असते आणि एक दाबलं असतं.

मग ते साहेब मला म्हणाले, "ताई, मोठे मोठे डिझायनर पर्मनंट प्लीट करतातच की." करतात. जपानी डिझायनर इस्से मियाकेंची 1993 मधली प्लीटच्या कपड्यांची मालिका पॉलिएस्टरची आहे. कपडा बराच मोठा कापून, आधी शिवून, मग कागदात घालून उष्णतेने दाबतात. त्यात रेशीम नाही. तुमच्या खोक्यावर मात्र 'व्हेनिसच्या फॉर्तुनीच्या परंपरेतली कायमची चुणी' असं सोनेरी अक्षरात छापलंय. व्हेनिसमधल्या मारिआनो फॉर्तुनी या डिझायनरने 1909 मध्ये प्लीटच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, आणि त्याचा डेल्फॉस झगा खरोखर रेशमाचा होता. पण तो झगा सुताच्या लडीसारखा पिळून छोट्या खोक्यात ठेवत, आणि भिजून चुण्या गेल्या तर पुन्हा घालून घ्यायला परत त्याच्याच कारखान्यात पाठवत. म्हणजे ज्याचं नाव तुम्ही खोक्यावर मिरवता, त्यालाही रेशमावर 'कायमची' चुणी जमली नव्हती. परंपराच चालवायची असेल तर पूर्ण चालवा. माझा घागरा परत घ्या आणि चुण्या घालून पाठवा.

वाईट या गोष्टीचं वाटतं की मी तुमची नवी गिऱ्हाईक नाही. तुमचे पुठ्ठ्याचे जोडसाचे मी अजून वापरते. ते उत्तम आहेत, कडा झिजत नाहीत, खुणा बरोबर असतात. त्या साच्यांसोबतच्या जुन्या पत्रकात साध्या शब्दांत लिहिलेलं आहे : 'रेशमावरील घडी ओलाव्याने उतरेल. टिकवायची असल्यास मागून धावदोरा घालावा किंवा अस्तरावर टाचून घ्यावी.' बरोबर. आम्ही तसंच करतो. हे लिहिणारा माणूस तुमच्याकडे होता. तो निवृत्त झाला, की त्याला जाहिरातीच्या खात्याने गप्प बसवलं? मी तुमची बाटली घेतली ती साच्यावरचं तुमचं नाव बघून. नाहीतर खोक्यावर 'कायमची' आणि 'रेशीम' हे दोन शब्द शेजारी शेजारी दिसल्यावर मी ते खाली ठेवलं असतं.

आता मला काय हवंय ते.

दोन्ही बाटल्यांचे आणि नासलेल्या कापडाचे पैसे. कापडाची पावती जोडली आहे, 'जास्तच प्युअर' असल्याचा पुरावा म्हणूनही ती चालेल. तो पॉलिमर नेमका कोणता आणि तो रेशमाला व रंगाला धक्का न लावता कशाने सुटतो, हे तुमच्या रसायनतज्ज्ञाच्या सहीने लेखी. पॅनेल अजून कापलेलं नाही. उत्तर लवकर आलं तर कापड वाचेल, नाही आलं तर रेघांमधल्या पट्ट्या काढून मी त्यांची कडेला लावायची पायपिंग करीन आणि तो खर्चही तुमच्या नावे लिहीन. आणि खोक्यावरून 'रेशीम' हा शब्द काढा. लोकरीसाठी विका, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

हे झालं नाही तर ग्राहक न्यायालयात जाईन. त्याच्या आधी दोन्ही पॅनेल, एक वर सपाट झालेलं आणि एक रेघारेघांचं, आमच्या वेशभूषावाल्या मंडळींसमोर टांगीन. आमच्यात कोण काय वापरतं हे फार लवकर पसरतं. माझ्या शिकाऊ मुलींना मी ते आजच दाखवलं आहे.

फोन करू नका. बासरी पाठ झाली आहे.

आपली (अजून तरी) ग्राहक

सोबत : पिवळं पडलेलं कातरण, रेघ असलेला तुकडा, पावत्या.

ता. क. तीन ठिपक्यांबद्दल अजून कुणीही काही बोललेलं नाही. कुणीतरी तुमच्या पत्रकावर विश्वास ठेवून आख्खी साडी इस्त्रीखाली घालेल. तेवढं पान तरी या आठवड्याच्या छपाईत बदला.