युद्ध चुकले म्हणणाऱ्याने पुढची वाटही सांगितली पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकांवर जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात असे प्रतिपादन होते की, देश युद्धात गुंतलेला असताना विरोधी उमेदवाराने पर्यायी धोरणाचा तपशील देण्याच्या फंदात पडू नये. युद्ध ज्याने सुरू केले त्यानेच त्याचा हिशेब द्यावा आणि आव्हान देणाऱ्याने फक्त चुका दाखवाव्यात. लेखकाने यासाठी २००४ मध्ये अध्यक्ष बुश यांना आव्हान देणारे उमेदवार, सिनेटर जॉन केरी यांच्या पराभवाचा दाखला दिला आहे. केरी इराकबाबत तपशिलात शिरले आणि तिथेच फसले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. मला तो पटला नाही. त्या वर्षीचा घटनाक्रम पुन्हा नीट पाहिला तर उलटेच दिसते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ऑक्टोबर २००२ मध्ये सिनेटने ७७ विरुद्ध २३ मतांनी अध्यक्ष बुश यांना इराकविरुद्ध बळाचा वापर करण्याचा अधिकार दिला, त्या ७७ जणांत केरी होते. वर्षभराने सैन्यासाठी आणि पुनर्बांधणीसाठी ८७ अब्ज डॉलरची मागणी सिनेटपुढे आली, तेव्हा श्रीमंतांच्या करसवलती कमी करून हा पैसा उभा करावा, या दुरुस्तीच्या बाजूने त्यांनी मत दिले आणि ती फेटाळली गेल्यावर मूळ विधेयकाच्या विरोधात दिले. या भूमिकेत सुसंगती होती. परंतु मार्च २००४ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील एका सभेत, आपण त्या ८७ अब्जांच्या बाजूने आधी मत दिले आणि नंतर विरोधात दिले, एवढेच ते बोलून गेले, आणि प्रतिपक्षाने ते वाक्य निवडणूक संपेपर्यंत खाली पडू दिले नाही. ऑगस्टमध्ये ग्रँड कॅनियन येथे पत्रकारांनी विचारल्यावर, आज जे कळले आहे ते तेव्हा ठाऊक असते तरी आपण अध्यक्षांना तो अधिकार दिलाच असता, असे त्यांनी सांगितले. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मात्र ते याच युद्धाला चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी झालेले चुकीचे युद्ध म्हणू लागले. सैन्य परत कधी येणार, जबाबदारी कोणाकडे जाणार, इराकी दलांचे प्रशिक्षण कसे होणार, या प्रश्नांवर त्यांचे सविस्तर भाषण न्यूयॉर्क विद्यापीठात झाले ते २० सप्टेंबरला, म्हणजे मतदानाला जेमतेम सहा आठवडे उरले असताना. तोवर मृत अमेरिकी सैनिकांची संख्या हजारावर गेली होती आणि अबू गरीब तुरुंगातील छळाची छायाचित्रे साऱ्या जगाने पाहिली होती. तपशील दिल्यामुळे ते फसले असे कसे म्हणावे? त्याआधीचे कित्येक महिने तपशीलच नव्हता, आणि त्या मोकळ्या जागेत बुश यांच्या प्रचारकांनी केरी यांचे चित्र आपल्याला हवे तसे रंगवून घेतले.

त्या भाषणातील योजनेबद्दल माझा आक्षेप निराळा आहे. मित्रराष्ट्रांना सोबत घ्यायचे, इराकी सैन्य आणि पोलीस तयार करायचे, पुनर्बांधणीचा लाभ सामान्य इराकी माणसापर्यंत पोहोचवायचा आणि जानेवारीतील निवडणुका पार पाडायच्या. हे सारे जमले तर पुढच्या उन्हाळ्यापासून सैन्य परत आणायला सुरुवात करून चार वर्षांत ते काम पुरे करायचे, असा तिचा आशय होता. यातील पहिली अट इतरांच्या मर्जीवर अवलंबून होती. इराकमध्ये सैन्य पाठवणार नाही, हे जर्मनी आणि फ्रान्स या दोन्ही देशांच्या सरकारांनी स्पष्ट केलेले होते, आणि व्हाइट हाउसमधला माणूस बदलला म्हणून त्यांचा निर्णय बदलेल, असे मानायला काही आधार नव्हता.

आपल्या वाचकांनी तर या मुद्द्याकडे अधिक लक्ष द्यायला हवे, कारण ज्या देशांकडून अमेरिकेला सैन्याची अपेक्षा होती त्यांत भारतही होता. उत्तर इराकमध्ये एक डिव्हिजन, म्हणजे पंधरा-वीस हजार जवान पाठवावेत, असा वॉशिंग्टनचा आग्रह होता. एप्रिल २००३ मध्ये लोकसभेने त्या युद्धाचा निषेध करणारा ठराव एकमताने केला होता, आणि १४ जुलै २००३ रोजी वाजपेयी सरकारच्या सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीने, संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असल्याखेरीज सैन्य पाठवण्याचा विचार करता येणार नाही, असे कळवले. पुढे जून २००४ मध्ये सुरक्षा परिषदेने तेथील बहुराष्ट्रीय सैन्याला मान्यता देणारा ठराव केला, दिल्लीत मनमोहन सिंग यांचे सरकार आले, तरीही भारतीय सैन्य गेले नाही. नव्या अध्यक्षाने असे काय देऊ केले असते की दिल्लीने, पॅरिसने किंवा बर्लिनने आपला निर्णय फिरवावा? ३० सप्टेंबरच्या पहिल्या जाहीर चर्चेत बुश यांनी नेमके याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवले. ज्या युद्धाला तुम्ही चुकीचे म्हणता, त्यात सामील व्हा असे इतर देशांना कोणत्या तोंडाने सांगणार, असा त्यांचा रोख होता. केरी यांच्याकडे त्याचे नेमके उत्तर असते, तर तो प्रश्न तिथेच बोथट झाला असता.

माझा भाचा त्या काळी न्यू जर्सीत राहत होता आणि नागरिकत्व मिळाल्यानंतरची ती त्याची पहिलीच अध्यक्षीय निवडणूक होती. चर्चा पाहून त्याने मला फोन केला. केरी बोलण्यात सरस ठरले, असे त्याचे मत होते, पण तो पुढे म्हणाला, "मामा, इराकमधल्या फालुजा शहरातून माघार घ्यायला नको होती असेही ते म्हणतात आणि सैन्य परत आणायचे असेही म्हणतात. मग हे लढणार आहेत की परतणार आहेत?" त्याने शेवटी मत केरी यांनाच दिले, मात्र ते बुश नकोत म्हणून दिले.

नेमके न बोलताही जिंकता येते, असा आक्षेप यावर येईल आणि त्यात तथ्य आहे. १९५२ मध्ये आयझेनहॉवर यांनी डेट्रॉइटच्या सभेत "मी कोरियाला जाईन" एवढेच सांगितले आणि ३९ राज्ये जिंकली. तेथे जाऊन काय करणार, हे त्यांनी सांगितले नव्हते. परंतु नॉर्मंडीवरील स्वारीचे नेतृत्व केलेल्या सेनापतीवर लोकांनी जो विश्वास टाकला, तो दुसऱ्या कोणाच्या वाट्याला येणे नाही. शिवाय कोरियातील वाटाघाटी ज्या एका प्रश्नावर अडल्या होत्या, तो म्हणजे मायदेशी परतू न इच्छिणाऱ्या युद्धकैद्यांचा. त्यावर त्यांनी प्रचारात वेगळा असा कोणताही तोडगा दिलेला नव्हता. मार्च १९५३ मध्ये स्टालिन वारले, जुलैमध्ये युद्धविराम झाला, आणि मग त्या कैद्यांपैकी बावीस हजारांहून अधिक जणांना सांभाळण्याचे काम ज्या भारतीय दलाने केले, त्याचे नेतृत्व आमच्या कोल्हापूरच्या मेजर जनरल शंकरराव थोरातांकडे होते. कैद्यांचा हा प्रश्न किती अवघड होता, याची कल्पना थोरातांच्या जवानांना आली तितकी अमेरिकेतील मतदाराला प्रचारसभांतून कधी आली नाही.

१९६८ चे उदाहरण याहून वाईट आहे. निक्सन यांनी व्हिएतनाम युद्ध संपवून शांतता मिळवण्याचे आश्वासन मार्चमध्येच दिले होते, पण ते कसे साधणार, हे त्यांनी अखेरपर्यंत सांगितले नाही. "गुप्त योजना" हे शब्द त्यांचे नव्हते, ते वृत्तपत्रांनी त्यांना चिकटवले. तरी शब्दांमागची स्थिती खरी होती. पॅरिसच्या वाटाघाटींना बाधा येऊ नये म्हणून आपण बोलत नाही, हे त्यांनी दिलेले कारण ऐकायला जबाबदारीचे वाटत होते. प्रत्यक्षात, सायगावच्या (दक्षिण व्हिएतनामच्या) सरकारने वाटाघाटींना येण्याची घाई करू नये, असे निरोप त्यांच्याच गोटातून जात होते, हे पुढे कागदपत्रांतून उघड झाले. उलट निक्सन यांचे प्रतिस्पर्धी, उपाध्यक्ष ह्युबर्ट हंफ्री यांनी ३० सप्टेंबरला सॉल्ट लेक सिटीमध्ये, शांततेसाठी उत्तर व्हिएतनामवरील बाँबफेक थांबवण्याचा धोका आपण पत्करू, असे सांगताच त्यांची घसरगुंडी थांबली आणि पाच आठवड्यांत त्यांनी मोठी पिछाडी जवळजवळ भरून काढली. निकालात दोघांमध्ये एक टक्क्याहूनही कमी मतांचे अंतर राहिले. निक्सन सत्तेवर आल्यानंतर युद्ध आणखी चार वर्षे चालले आणि वीस हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक त्या काळात मरण पावले. व्हिएतनाम, कंबोडिया आणि लाओसमधील मृतांची संख्या त्याच्या कित्येक पट होती. मतदारांनी कोणतीही मुदत मंजूर केलेली नव्हती, त्यामुळे कोणत्या मुदतीचा भंग झाला, असा जाब विचारण्याची सोयही त्यांना राहिली नाही.

आपल्या लेखकाचा दुसरा मुद्दा गोपनीयतेचा आहे: गुप्त माहिती सत्ताधाऱ्याच्या हाती असते, तेव्हा आव्हान देणाऱ्याने अंदाजाने बोलू नये. या मुद्द्याला एक खरी बाजू आहे आणि ती मी मानतो. १९४४ मध्ये अमेरिकेने जपानची सांकेतिक लिपी उलगडली असल्याचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्याविरुद्ध उभे असलेले उमेदवार टॉमस ड्यूई यांना कळले होते, आणि पर्ल हार्बरवरून रूझवेल्ट यांना कोंडीत पकडण्यासाठी ते हत्यार त्यांच्या हाती होते. लष्करप्रमुख जनरल मार्शल यांनी खास दूत पाठवून, याची वाच्यता झाली तर चालू युद्धात सैनिकांचे प्राण जातील, अशी विनंती केली आणि ड्यूई गप्प राहिले. निवडणूक हरले, पण बोलले नाहीत. मला त्यांच्याविषयी आदर वाटतो. मात्र ड्यूई यांनी जे झाकले ती लष्करी गुप्त बाब होती. युद्ध कशासाठी चालू ठेवायचे, किती किंमत मोजायची आणि कोणत्या टप्प्यावर थांबायचे, यांपैकी कशालाच तो शिक्का लावता येत नाही. शिवाय १९५२ पासून, ट्रुमन यांनी पाडलेल्या प्रथेनुसार, प्रमुख उमेदवारांना गुप्तचर यंत्रणेकडून माहिती दिली जात आली आहे; तेव्हा ते अगदीच अंधारात चाचपडत असतात असेही नाही.

स्पष्ट बोलण्याची किंमत पडते, हे नाकारण्यात अर्थ नाही. १९७२ मध्ये निक्सन यांच्याविरुद्धचे उमेदवार मॅकगव्हर्न यांनी ९० दिवसांत व्हिएतनाममधून सैन्य मागे घेण्याचे वचन दिले आणि ५० पैकी ४९ राज्ये गमावली. मतदानाला दोन आठवडेही उरले नसताना निक्सन यांचे सल्लागार किसिंजर यांनी शांतता हाताशी आल्याचे जाहीर केले होते. मतदारांना वाटले की, तेच फळ सत्ताधारी पक्षही आणून देत आहे. मॅकगव्हर्न हरले, पण त्यांना मत देणाऱ्याला आपण काय मागतो आहोत हे ठाऊक होते आणि न देणाऱ्यालाही आपण काय नाकारतो आहोत हे ठाऊक होते.

माझ्या मते सर्वात उपयोगी उदाहरण २००८ चे आहे. ओबामा यांनी १६ महिन्यांत लढाऊ तुकड्या इराकमधून परत आणण्याचा आकडा जाहीर सभांतून मांडला. पद हाती आल्यावर सेनाधिकाऱ्यांशी विचारविनिमय होऊन त्याचे १९ महिने झाले, आणि ३१ ऑगस्ट २०१० ही तारीख त्यांनी फेब्रुवारी २००९ मध्येच जाहीर केली. हा निर्णय योग्य होता का, यावर २०१४ मध्ये इराकमधील मोसुल शहर ‘इस्लामिक स्टेट’च्या हाती पडल्यानंतर कडाक्याचे वाद झाले आणि ते व्हायलाच हवेत. पण त्या वादाला धरायला एक आकडा होता. १६ चे १९ का झाले, हे विचारता येत होते आणि सरकारला त्याचे उत्तर द्यावे लागत होते. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. नव्या अध्यक्षाभोवती पहिल्याच दिवसापासून सेनापतींचा, सल्लागारांचा, मित्रराष्ट्रांचा दाब सुरू होतो. अशा वेळी, हे मी जनतेला सांगून आलो आहे, असे म्हणता येणे हे त्याचे मोठे बळ असते. मोघम बोलून निवडून आलेल्याजवळ ते नसते.

केरी यांच्याकडे हे बळ मागण्याचा अधिकार इतर कोणाहूनही अधिक होता. व्हिएतनाममध्ये लढून आलेल्या या माणसाने १९७१ मध्ये सिनेटच्या समितीपुढे, एका चुकीसाठी मरणारा शेवटचा माणूस हो असे तुम्ही कोणाला कसे सांगाल, असा प्रश्न विचारला होता. २००४ मध्ये तोच प्रश्न त्यांनी स्वतःला विचारून त्याचे उत्तर वेळेत आणि मुदतीसह द्यायला हवे होते, असे मला मनापासून वाटते. ओहायो राज्यात ते सुमारे १ लाख १८ हजार मतांनी मागे पडले आणि तिथेच निकाल ठरला. ऑगस्ट २००५ मध्ये, ओहायोत मुख्यालय असलेल्या एका राखीव बटालियनसोबतचे १४ मरीन इराकमधील हदीथाजवळ एकाच स्फोटात ठार झाले. आदल्या नोव्हेंबरात त्यांच्या घरची माणसे मतदान केंद्रावर गेली, तेव्हा आपली मुले तिथे कशासाठी आणि कधीपर्यंत राहणार आहेत, याचे हाती धरण्याजोगे उत्तर त्यांना दोहोंपैकी कोणत्याही उमेदवाराकडून मिळालेले नव्हते.

आपला,
एक नियमित वाचक, कोल्हापूर