विषय : मुदत संपलेलं सर्टिफिकेट आणि तुमच्याकडे 'सोडवली' म्हणून बंद केलेली तक्रार

प्रति,
सर्व्हिस विभागप्रमुख,
डिजिटल सिनेमा सर्व्हर विभाग

तुमच्या हेल्पलाइनवरचा शेवटचा फोन आत्ताच संपला. म्हणजे तिकडून कट केला गेला. त्यामुळे 'सप्रेम नमस्कार' वगैरे या पत्रात सापडणार नाही.

मुद्दा तुम्हाला समजावून सांगायची गरज नसावी, यंत्र तुमचं आहे. सर्व्हरच्या मीडिया ब्लॉकमध्ये, म्हणजे पिक्चरचं कुलूप उघडणाऱ्या सीलबंद कार्डात, जे सर्टिफिकेट असतं, पिक्चर पाठवणारी लॅब त्याच्याच नावाने केडीएम, म्हणजे त्या पिक्चरची डिजिटल किल्ली, काढते, आणि केडीएम असल्याशिवाय एन्क्रिप्टेड (कुलूपबंद) पिक्चर उघडत नाही. हे सर्टिफिकेट तुम्ही कारखान्यात घातलंत. त्याची शेवटची तारीखही त्याच दिवशी तुम्हीच लिहिलीत. आमच्या पडदा एकच्या सर्व्हरची ती तारीख गेल्या शनिवारी संपली. यूटीसीची (जागतिक प्रमाणवेळेची) मध्यरात्र, म्हणजे आपल्याकडे रविवारची पहाट, साडेपाच. शनिवारचा रात्रीचा खेळ व्यवस्थित झाला आणि रविवारी सकाळी दहाला मराठी पिक्चर होता.

वडोदऱ्यात आमच्याकडे मराठी पिक्चरला आठवड्यातून एक खेळ मिळतो, तोही सकाळचा. (दादासाहेब फाळके ज्या गावच्या कलाभवनात शिकले त्या गावात ही स्थिती, पण तो दोष तुमच्या माथी मारत नाही.) दांडिया बाजार, रावपुरा, कारेलीबाग, कुठून कुठून माणसं रिक्षा करून येतात, निम्मी साठीपुढची. त्या दिवशी हाऊसफुल होतं. जाहिराती लागल्या, ट्रेलर लागले, कारण त्यांना कुलूप नसतं. राष्ट्रगीताला सगळे उभे राहिले, खाली बसले, आणि पडदा काळा. बूथमधल्या मॉनिटरवर लाल पट्टी : सर्टिफिकेट एक्स्पायर्ड. आमचे ऑपरेटर काका पस्तीस एमएमच्या जमान्यातले. रीळ तुटलं तर पट्टी लावून जोडायचे आणि शिट्ट्या थांबायच्या आत पिक्चर पुन्हा सुरू करायचे. ते नुसते त्या पट्टीकडे बघत उभे होते.

आता रविवारी त्याच वेळी केलेला फोन. तो मी जसाच्या तसा लिहितो, कारण तुमच्याकडच्या रेकॉर्डिंगमध्ये तो सापडेलच याची मला खात्री नाही.

खाली प्रेक्षक टाळ्या पिटत होते, तेव्हा मी तुमच्या 'चोवीस तास' हेल्पलाइनवर होतो. बराच वेळ संगीत ऐकल्यावर एक ताई आल्या. सिरीयल नंबर घेतला, थिएटरचं नाव घेतलं, मग विचारलं, "सर, एक बार रीस्टार्ट करके देखा?" मी सांगितलं, सर्टिफिकेटची मुदत संपलीय, रीस्टार्टने काय होणार? "ओके सर, तो आप सर्व्हर की डेट एक दिन पीछे कर दीजिए."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. तुमच्या कंपनीची, सिनेमा सर्व्हरच्या हेल्पलाइनवर बसलेली व्यक्ती मला सिक्युअर क्लॉक, म्हणजे सर्व्हरचं सीलबंद घड्याळ, मागे घ्यायला सांगत होती! मी शांतपणे (हो, तोपर्यंत शांतपणेच) सांगितलं की बाई, डीसीआयच्या, म्हणजे डिजिटल सिनेमाचे नियम ठरवणाऱ्या हॉलीवूड स्टुडिओंच्या संस्थेच्या, नियमानुसार ते घड्याळ एका कॅलेंडर वर्षात जास्तीत जास्त सहा मिनिटं मागेपुढे करता येतं. तसं नसतं तर प्रत्येक थिएटरवाला तारीख मागे सारून केडीएम संपल्यावरही पिक्चर चालवत बसला असता. घड्याळाला हात लावता येऊ नये म्हणून तर तुम्ही ते मीडिया ब्लॉकच्या आत बंद करून विकता.

यावर त्या म्हणाल्या, "तो सर, छह मिनट ही कर दीजिए."

सहा मिनिटं. सर्टिफिकेट संपून पाच तास होत आले होते.

सीनियरला द्या म्हटलं. सीनियर आले आणि सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "सर, आपका मॉडेल अब काफी पुराना है, मैं नये सर्व्हर का कोटेशन भेज दूँ?" म्हणजे आग लागलेल्या घरात बंब मागवला आणि दारात पडदे विकणारा आला. मी काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही. फोन संपायच्या आत मोबाइलवर मेसेज : तुमची तक्रार सोडवली आहे, आमच्या सेवेला किती तारे द्याल?

प्रेक्षकांचे पैसे परत केले. पार्किंगचेसुद्धा. एक आजी तिकीट परत द्यायला तयार होईनात. म्हणाल्या, "पैसे नकोत, पिक्चर लावा."

सोमवारची कहाणी थोडक्यात. सर्टिफिकेट नवं करायचं तर सॉफ्टवेअर अपग्रेड हवं. आमच्या व्हर्जनवरून थेट नवीन व्हर्जन चढत नाही, आधी मधलं चढवावं लागतं. तुमच्या रिलीज नोटमध्ये मधल्या फाइलची लिंक आहे, ती उघडत नाही. रिमोटवरचे इंजिनीअर अपग्रेड अर्ध्यावर असताना जेवायला गेले. सर्व्हर परत उठला तेव्हा प्रोजेक्टरशी असलेलं मॅरेज, म्हणजे दोघांची सुरक्षित जोडणी, तुटलं होतं. "मैं यहाँ से कर देता हूँ," म्हणाले. त्यासाठी बूथमध्ये माणूस लागतो, हेही काकांनीच त्यांना सांगितलं. नवं सर्टिफिकेट आलं, मग नवा एफएलएम, म्हणजे थिएटरमधल्या यंत्रांची आणि त्यांच्या सर्टिफिकेटांची यादी, सगळ्या लॅबना कोण पाठवणार? "कस्टमर की जिम्मेदारी है." आठवड्याचे सगळे केडीएम मी पुन्हा मागवले. गुजराती पिक्चरवाल्यांनी मंगळवार दुपारपर्यंत ताटकळत ठेवलं, तोवर पडदा एक बंद.

आणि आज बिल आलं. 'सर्टिफिकेट रिन्यूअल चार्जेस.' एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, चालू असताना. तारीख तुम्ही लिहिलीत, कोणत्या सिरीयल नंबरचं सर्टिफिकेट कधी संपणार हे तुमच्याकडे पहिल्या दिवसापासून आहे. एएमसी संपायच्या महिनाभर आधी तुमचे ईमेल न चुकता येतात, सर्टिफिकेटसाठी एक ओळ आली नाही. आणि दंड मी भरायचा?

बिल मी भरणार नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यावसायिक खरेदी बसत नाही, हे तुमचे वकील सांगतील आणि ते मलाही ठाऊक आहे. करारावर दिवाणी दावा मात्र बसतो. रविवारचा परतावा, सोमवार आणि मंगळवारचे बुडलेले खेळ, सगळ्याचा हिशोब सोबत जोडला आहे. गुजरातेतले थिएटरवाले एकमेकांशी बोलतात, हेही ध्यानात असू द्या. नवा पडदा टाकताना कुठला सर्व्हर घ्यावा असं मला विचारलं जातं आणि इतकी वर्षं मी तुमचंच नाव सांगत आलो. त्याचं मला जास्त वाईट वाटतंय.

आजचा फोन मी बिलासाठी केला नव्हता. पडदा दोनमध्येही तुमचाच सर्व्हर आहे, थोडा नंतर घेतलेला. त्याचं सर्टिफिकेट कधी संपतं आणि त्याच्या अपग्रेडसाठी माणूस कधी येणार, एवढंच विचारलं. "वो तो आपके पास ही लिखा होगा सर," आणि फोन कट. ती तारीख आणि तो दिवस मला तुमच्या लेटरहेडवर, तुमच्या सहीने, येत्या शुक्रवारच्या आत हवा. तोपर्यंत या वर्षीच्या एएमसीचा चेक माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

व्यवस्थापक,
दोन पडद्यांचं चित्रपटगृह, वडोदरा

सोबत : बूथमधल्या मॉनिटरचा फोटो, परताव्याचा हिशोब, तुमचा 'तक्रार सोडवली' हा मेसेज