निरोप तीनदा आला, पुरावा एकच

महोदय,

गोदेला पूर आला की नाशिककर आधी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहतात. पाणी कमरेला लागलं की छातीला, हे डोळ्यांनी दिसतं. पण त्याच वेळी ‘धरणाला तडे गेले’ असा निरोप फोनवर आला, तर भांडी बाजारात पळापळ व्हायला वेळ लागत नाही. त्या माणसांना अडाणी म्हणून मोकळं होणं मला अन्यायाचं वाटतं.

मेंदू जग जसंच्या तसं टिपत नाही, अपुऱ्या खुणांवरून अंदाज बांधतो, असं जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६७ मध्येच मांडलं होतं. आज अनेक संशोधक हेच बेझ या गणितज्ञाच्या शक्यतांच्या गणिताने मांडतात: आधीची समजूत, त्यात नवा पुरावा, त्यातून सुधारलेली समजूत. २००८चा महापूर ज्याच्या दुकानात शिरला, त्याची आधीची समजूत भीतीचीच असणार. हिशेब चुकतो तो पुढे. एकच निरोप सोसायटीच्या, नातेवाइकांच्या आणि भिशीच्या ग्रुपवर आला की मन ते तीन पुरावे धरतं. शिवाय नुसतं पुन्हा पुन्हा कानावर पडल्यानेही विधान खरं वाटू लागतं, हे १९७७ साली अमेरिकेतल्या प्रयोगात दिसलं आहे.

सिंहस्थात तर लाखोंची गर्दी असते. ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ एवढ्याने भागणार नाही. गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं, हे वेळेसह रामकुंडावरच्या फलकावर ठळक लिहावं. आणि निरोप मुळात कुठून निघाला हे कसं शोधायचं, ते शाळेतच शिकवायला हवं.

– एक शिक्षिका, पंचवटी, नाशिक